घरातली पत्रं, दौऱ्यावरची पत्रं

कारखान्यांमध्ये तिला सगळे काटेबाई म्हणत. वजनकाटे तपासायचं तिचं काम. भरलेला ट्रक ज्यावर उभा राहतो तो जमिनीत बसवलेला काटा, गोदामातला पोती तोलायचा काटा, प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला चिमुकला काटा, सगळे वर्षातून एकदा तिच्या हाताखालून जायचे. सोबतची पितळी वजनं ती हातमोजे घालून स्वतः उचलायची, दुसऱ्या कुणाला शिवू द्यायची नाही. बोटांचा घामसुद्धा वजनात धरला जातो, असं ती सांगायची, आणि ऐकणाऱ्याला कळायचं नाही की बाई थट्टा करताहेत की काय. बाई थट्टा करत नसत.

वय पंचावन्न. लग्न राहून गेलं ते गेलंच. महिन्यातले पंधरा-अठरा दिवस दौरा, उरलेले दिवस घर. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आई होती तोवर दोन खोल्या कमी पडायच्या. आई गेल्यावर त्यातली एक जवळजवळ बंदच राहिली, आणि दुसरीत खिडकीजवळ टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, समोर खुर्ची आणि खुर्चीत ती, एवढाच संसार उरला.

तो कॉम्प्युटर दादाने बसवून दिलेला. दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. जाण्याआधीच्या आठवड्यात त्याने तिला शेजारी बसवून घेतलं आणि पत्रांचा प्रोग्रॅम कसा चालवायचा ते शिकवलं होतं.

"हे बघ ठके," तो म्हणाला होता. घरात तिला ठकी म्हणायचे. "मेल देणाऱ्या कंपनीकडे तुझी पत्रपेटी एवढीशी आहे. चार फोटो आले की भरते. म्हणून मी असं करून ठेवलंय की हा प्रोग्रॅम उघडलास की तिथली सगळी पत्रं उचलून इथं आणील आणि तिथली पेटी रिकामी करील. पत्रं तुझ्या घरात, तुझ्या मशीनमध्ये. कुणाच्या बापाची नाहीत."

"आणि मी दौऱ्यावर असले तर?"

"तर घरचं मशीन बंद करून जायचं. कुठल्याही कॉम्प्युटरवर बसून पत्ता आणि पासवर्ड टाकायचा, पत्रं तिथंच दिसतील. वाच, उत्तर दे. घरी आलीस की ती आपोआप खाली उतरतील. फक्त एक लक्षात ठेव, निघताना मशीन बंद."

हे तिने अक्षरशः पाळलं. तेव्हा खिशातल्या फोनवर पत्रं वाचायची सोय फारशी कुणाकडे नव्हती, तिच्याकडे तर नव्हतीच. दौऱ्यावर ती कारखान्याच्या ऑफिसात, कधी विश्रामगृहाच्या कोपऱ्यातल्या जुनाट कॉम्प्युटरवर, पाठीमागे कुणी उभं नाही ना हे बघत पेटी उघडायची. तिथे पत्रं परक्या घरी भेटल्यासारखी भेटायची. कडेला जाहिराती हलत असायच्या, शेजारी कारकून जांभया देत असायचा. घरी मात्र प्रोग्रॅमच्या डाव्या अंगाला तिने नावं देऊन कप्पे केले होते. ऑफिस. डॉक्टर. बिलं. दादा. दादाचं पत्र आलं की आपोआप दादाच्या कप्प्यात जाऊन बसायचं आणि नावापुढे ठळक आकडा उमटायचा. चहाचा कप घेऊन त्या आकड्याकडे थोडा वेळ नुसतं बघत बसायचं, मग पत्र उघडायचं, ही तिची चैन होती.

दौऱ्यावरून ती जी उत्तरं लिहायची ती तिकडेच राहायची, परक्या पेटीच्या 'पाठवलेले' या कप्प्यात. घरच्या प्रोग्रॅमला त्यांचा पत्ताच नसायचा. घरून लिहिलेली तेवढी घरात. म्हणजे दादाची सगळी पत्रं घरात एकत्र, आणि तिची अर्धी इथे, अर्धी तिथे. याने काही बिघडतं असं तिला कधी वाटलं नव्हतं. आपण काय लिहिलं ते आपल्याला ठाऊक असतंच, असं ती धरून चालली होती.

आई चार महिने अंथरुणाला होती. त्या चार महिन्यांत ठकीने दौरे बंद ठेवले. सकाळी डॉक्टर, दुपारी औषधं, आणि संध्याकाळी दादाचा मेल. दादा तिकडून विचारायचा, रक्ताचा रिपोर्ट काय आला, डॉक्टरांना हे विचारलंस का, ते विचारलंस का, अमुक गोळी चालू आहे ती बंद करता येईल का. तो येणार होता. आधी सुट्टी मिळेना, मग वहिनीचा पाय मोडला, मग तिकीट काढलं ते दहा दिवसांनंतरचं. आई त्याच्या आठ दिवस आधीच गेली. ते तिकीट त्याने रद्द केलं. "आता येऊन काय करू?" असं लिहिलं.

ठकीने ते वाचलं आणि मूग गिळून बसली. तीन आठवड्यांनी दौरे पुन्हा सुरू झाले. त्यातल्या पहिल्याच मुक्कामावरून तिने दादाला एक पत्र लिहिलं. चार दिवसांनी घरी आली तेव्हा दादाच्या कप्प्यात एकचा ठळक आकडा होता.

"तुझं पत्र मिळालं," दादाने लिहिलं होतं. "आईबद्दलचं कळवलंस हे बरं केलंस. यापुढे माझ्या पत्रांचा तुला त्रास होणार नाही. तब्येतीला जप."

ती ते पत्र पुनःपुन्हा वाचत राहिली. आपण काय लिहिलं होतं? दमलेय, काही दिवस लिहू नकोस, एवढंच तर लिहिलं होतं. चार ओळी. त्याला हे असं तोडून टाकणारं उत्तर? आई गेली तेव्हा आला नाही, आणि वर हा ताठा. त्यानंतर तिने लिहिलं नाही, त्यानेही लिहिलं नाही. असं करता करता तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत तिने ते पत्र कितीतरी वेळा उघडलं. कप्प्यात त्याच्या वरचं पत्रही दादाचं, त्याच्या वरचंही दादाचं. तिचं त्यांच्यामध्ये कुठे नव्हतंच. एकट्या दादाचा तो थंड आवाज तेवढा ऐकू यायचा, आणि दर वेळी तिची खात्री पटायची की चूक त्याची आहे.

तीन वर्षांनी एका रविवारी ती एका कागद कारखान्याच्या विश्रामगृहात होती. काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. कपडे धुऊन झाले, दुपारचं जेवण झालं, खिडकीतून बघावं तर रिकामं आवार आणि बंद फाटक. तिने वेळ घालवायला कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालू केला. पेटीत एकच पत्र होतं, कंपनीची सूचना: तुमची जागा भरत आली आहे, नको असलेली पत्रं काढून टाका.

तिला नवल वाटलं. पेटी तर दर वेळी घरचं मशीन रिकामी करतं, मग भरली कशाने? शोधता शोधता ती 'पाठवलेले' या कप्प्यात पोचली. तिथे ती आजवर कधी गेलीच नव्हती. दौऱ्यांवरून पाठवलेले सगळे रिपोर्ट तिथे साचले होते, आणि त्यांच्या मध्येमध्ये दादाला लिहिलेली पत्रं. ती एकेक उघडू लागली. 'पोचले. खोली बरी आहे. पंखा कण्हतो.' 'पोचले. इथल्या मॅनेजरला वाटतं काटा मी बिघडवते.' 'पोचले. तुझ्यासारखा दिसणारा एक माणूस दिसला, पण त्याला केस होते.' ती स्वतःशीच हसली. आपण एवढ्या गमतीच्या होतो हे ती विसरूनच गेली होती.

मग ते पत्र आलं. चार ओळींचं नव्हतं. पडद्यावरचं पान तीनदा सरकवावं लागलं.

'तू प्रश्न विचारायचास आणि मी आईचं अंग पुसायचे,' अशी सुरुवात होती. पुढे त्याच्या सुट्टीबद्दल, वहिनीच्या पायाबद्दल, त्या तिकिटाबद्दल, कुणाच्या तोंडी शोभू नये असं लिहिलं होतं. आणि शेवटी: 'तुला वाटत असेल आई तुझी वाट बघत गेली. तसं काही नाही. शेवटच्या महिन्यात तिने तुझी एकदाही आठवण काढली नाही. काढते असं मी तुला लिहायचे, ते तुला बरं वाटावं म्हणून. ती तुला विसरली होती. आता तूही तिला विसर.'

ठकी खुर्चीत मागे टेकली. आवारात कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिच्या चाकाचा आवाज लांब जाईपर्यंत ती ऐकत राहिली. हे शब्द तिचे होते. खाली तारीख होती, तिचं नाव होतं. आणि त्यातलं आईबद्दलचं सगळं खोटं होतं.

आई रोज संध्याकाळी विचारायची. शेवटच्या महिन्यात तर तिला वार कळत नव्हता, ठकीला ती कधी कधी आपली बहीण समजायची, पण दिवे लागले की मान उशीवर वळवून विचारायची, "दादाचा मेल आला का?" आला असेल तर ठकी वाचून दाखवायची. नसेल आला तर जुनाच एखादा वाचायची. आईला ते चालायचं.

हे तिला ठाऊक होतं. मग तिने असं का लिहिलं? त्या संध्याकाळी तिला दादाला लागेल असं काहीतरी हवं होतं, आणि हाताला जे सगळ्यात जड लागलं ते तिने उचलून फेकलं. फेकलं आणि विसरली. घरी त्याची खूणही नव्हती, म्हणून विसरणं सोपं गेलं.

तिथल्या तिथे दादाला लिहावं म्हणून तिने कोरं पत्र उघडलं, 'प्रिय दादा' लिहिलं आणि थांबली. असल्याच एका खोलीत, असल्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसून तिने ते लिहिलं होतं. हे असं लिहायचं नाही. हे घरी, आपल्या टेबलाशी बसून लिहायचं. पत्र न लिहिताच तिने पेटी बंद केली. ते जुनं पत्र तेवढं छापून घेतलं, घडी करून पिशवीत ठेवलं.

घरी आल्यावर लिहायला तिला चार दिवस लागले. पहिल्या दिवशीचं पत्र फार लांब झालं, त्यात ती स्वतःची बाजूच मांडत बसली होती. दुसऱ्या दिवशीचं रडकं झालं. चौथ्या दिवशी सकाळी तिने सरळ लिहिलं: 'दादा, मी तीन वर्षांपूर्वी काय लिहिलं ते परवा पहिल्यांदा वाचलं. खरं सांगते, मला ते आठवत नव्हतं. आईबद्दल लिहिलं ते खोटं होतं. आई रोज संध्याकाळी तुझा मेल आला का विचारायची. शेवटच्या दिवशीही विचारलं. तुला दुखवायला मी ते लिहिलं. माफ कर असं म्हणायचीही मला लाज वाटते.' सोबत तिने आईचा एक फोटो जोडला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर दादाच्या पत्राचा छापलेला कागद. फोटो मोठा होता.

त्याच सकाळी दौऱ्यावर निघायचं होतं, अठरा दिवसांच्या. तिने 'पाठवा' दाबलं आणि प्रोग्रॅमच्या खालच्या कडेला एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. खाली जीपचा हॉर्न वाजला. पट्टी निम्म्यावर. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, मग जिना चढून वर आला.

"ताई, फाटक आठला बंद होतं त्यांचं. नंतर काटा मोकळा नाही मिळणार."

"दोन मिनिटं."

"दहा झाली, ताई."

आता मशीन बंद केलं तर पत्र अर्ध्यावरच राहील. ते पुन्हा पाठवायचं धैर्य अठरा दिवसांनी आपल्यात उरेल याची तिला खात्री नव्हती. तिने मशीन चालूच ठेवलं, दाराला कुलूप लावलं, आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडे नेहमीप्रमाणे किल्ली दिली. काकूंचा दिवस शिलाई मशीनपाशी जायचा. किल्ली त्या टाचण्यांच्या डब्यात टाकायच्या.

दौऱ्यात ती रोज पेटी उघडून बघायची. पहिल्या दिवशी रिकामी. दुसऱ्या दिवशी रिकामी. पाचव्या, सहाव्या दिवशीही तेच. ठीकच आहे, तिने मनाशी म्हटलं. तीन वर्षं आपण त्याला जे दिलं ते त्याने दहा दिवस आपल्याला दिलं तर तक्रार कसली? एकाच पत्राची वाट बघत असल्यामुळे, बाकीचंही काहीच येत नाहीये हे तिच्या ध्यानात आलं नाही. चपलांच्या दुकानाची जाहिरात नाही, बँकेची सूचना नाही. रिकामी पेटी तिला आपल्याला शोभणारी वाटली आणि ती रोज मुकाट्याने बंद करत राहिली. संध्याकाळी खोलीत गेल्यावर ती दिवा लावायची, हातमोजे धुऊन खिडकीच्या कठड्यावर वाळत घालायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या काट्यांची यादी करायची. दिवसभरात कामाव्यतिरिक्त आपण कुणाशी काय बोललो हे तिने एकदा आठवून पाहिलं. "मीठ द्या" आणि "दार लावून घ्या" एवढीच दोन वाक्यं सापडली.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, एका खतांच्या कारखान्यात तिथल्या कारकुनाने विचारलं, "बाई, कालच्या रिपोर्टची प्रत तुमच्या मेलवर टाकली होती. मिळाली ना?"

"नाही बुवा."

"असं कसं? थांबा, पुन्हा टाकतो. तुमच्यासमोरच."

त्याने पाठवलं. तिने शेजारच्या कॉम्प्युटरवर पेटी उघडली. पत्र आलेलं होतं. "आलं," ती म्हणाली आणि बाहेर काट्यावर गेली. वीस मिनिटांनी छापून घ्यायला परत आली तर पेटी रिकामी. तिने पेटी पुन्हा उघडली. रिकामीच.

"तुम्ही काढलंत का?" कारकुनाने विचारलं.

दादाचे शब्द तिला स्वच्छ ऐकू आले: निघताना मशीन बंद. घरचं मशीन चालू होतं. अकरा दिवस ते दर दहा मिनिटांनी इथे येत होतं आणि जे असेल ते उचलून घरी नेत होतं. तिची सगळी पत्रं कुलपाआड, रिकाम्या घरात, जमा होत होती.

तिने ऑफिसचा फोन मागून घेतला आणि काकूंना लावला.

"काकू, माझं एक काम कराल? वर माझ्या घरी जायचंय. फोन हातात घेऊनच जा."

"आग लागली की काय?"

"नाही, नाही. कॉम्प्युटरवर एक पत्र बघायचंय."

"अगं, मला त्यातलं काय कळतं? मला सुई कळते." पण काकू निघाल्या. टाचण्यांचा डबा खळखळला, मग जिना, मग काकूंचा श्वास, मग कुलूप. "पडदा काळा आहे गं. मेलंय तुझं यंत्र."

"मेलं नाही, झोपलंय. शेजारी ती उंदरासारखी वस्तू आहे ना, ती जरा हलवा."

"अगोबाई. उठलं."

"आता डाव्या बाजूला नावं आहेत. त्यात दादा असं लिहिलेलं दिसतंय का?"

"चष्मा खाली राहिला. थांब, जवळ जाते. ऑफिस... बिलं... हां, दादा. पुढे कंसात दोन आहे."

दोन. ठकीने खुर्ची ओढून घेतली. काकूंकडून ती दोन पत्रं उघडवून घ्यायला पाच-सात मिनिटं लागली. मध्येच जाहिरात उघडली, मध्येच सगळंच बंद झालं. कारकून उठून बाहेर गेला, त्याला बहुधा काहीतरी समजलं होतं.

"हं, आता आलं. मोठं नाहीये. वाचू?"

"वाचा."

काकू शाळेत धडा वाचावा तशा, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत असाव्यात अशा वाचू लागल्या. "प्रिय ठकी. तुझं पत्र... आणि आईचा फोटो मिळाला. तीन वर्षं मी... रोज संध्याकाळी... " काकू थांबल्या. "बाई, हे तुमच्या घरचं आहे गं. पुढे वाचू का मी?"

"वाचा, काकू. मला दुसरा मार्ग नाही."

"रोज संध्याकाळी स्वतःला विचारत होतो की आई मला खरंच विसरली होती का. आज झोप लागेल. आता एक सांगतो, घाबरू नकोस. घशात गाठ निघाली आहे. येत्या मंगळवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे त्यानंतर मला... बोलता येणार नाही. त्याआधी एकदा तुझ्याशी बोलायचंय. तुझ्या जुन्या नंबरवर लावला, तो बंद आहे. माझा खाली देतो. मंगळवारच्या आत कधीही कर. मी जवळच ठेवीन."

काकूंनी नाक ओढलं. "आज गुरुवार ना गं?"

"हो. दुसरं वाचा."

"दुसरं दोनच ओळींचं. सोमवारचं. 'ठके, उद्या सकाळी नेतील. तू दौऱ्यावर असशील, मला कळतं. वाईट वाटून घेऊ नकोस.'"

काकू म्हणाल्या, "नंबर लिहून घे." त्यांनी एकेक आकडा दोनदा सांगितला. "आणि हे मशीन बंद करू का?"

"करा," ठकी म्हणाली. "भिंतीवरचं बटण बंद केलं तरी चालेल."

वहिनीने फोन उचलला. तीन वर्षांत वहिनीचा आवाज म्हातारा झाला होता.

"नीट झालं सगळं," वहिनी म्हणाली. "गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात आयुष्याला धोका नाही."

"वहिनी, माझी पत्रं घरच्या मशीनने..." ठकीला ते सांगताच येईना. कुणालाही सांगितलं असतं तरी ते बहाण्यासारखंच वाटलं असतं. "मला आज कळलं. आत्ता."

"सोमवारी रात्री झोपेपर्यंत फोन त्याच्या उशाशी होता," वहिनी म्हणाली. रागाने नाही, जसं झालं तसं. "तू बोल. मी त्याच्या कानाला लावते. तो ऐकतोय."

पलीकडे एक खरखरीत, ओला श्वास चालू होता, नळीतून यावा तसा. तो दादा होता. त्या श्वासाला कसलाच स्वर नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "मी खतांच्या कारखान्यात आहे. इथला मोठा काटा दर ट्रकमागे वीस किलो जास्त दाखवतो. यांना कुणी सांगितलंच नव्हतं." पुढे काय बोलावं? "मी मशीन बंद करायला विसरले. तू सांगितलं होतंस."

श्वास थोडा जोरात आला, मग पुन्हा संथ झाला. वहिनीने फोन परत घेतला. "हसला," ती म्हणाली. "हसला असं वाटतंय. हल्ली सांगता येत नाही."

दौऱ्याचे उरलेले सात दिवस तिने पुरे केले. घरी आल्यावर त्या खोलीत शिरताना तिला अवघडल्यासारखं झालं, जणू आपल्या माघारी इथे कुणी येऊन, थांबून, निघून गेलं होतं. दादाच्या कप्प्यापुढचा आकडा गेला होता. पत्रं वाचलेली दिसत होती. तिने ती स्वतः वाचली, पण आतून आवाज दादाचा येईना, शब्दाशब्दावर थांबणारा काकूंचाच येत राहिला. दादाचा आवाज आठवायला गेलं की काठ सापडायचा, मध्य सापडायचा नाही. त्याचा आवाज कुठे भरून ठेवलेला नव्हता. इतकी वर्षं ते लिहीतच आले होते.

ऑफिसातल्या एका जाणकाराला विचारून तिने प्रोग्रॅममध्ये बदल करून घेतला. आता पत्रं घरी उतरायची, पण त्यांची प्रत कंपनीच्या पेटीतही राहायची. तो जाणकार म्हणाला, "बाई, हा प्रोग्रॅम काढूनच टाका ना. सगळं वेबवरच बघत जा, घरी काय अन् बाहेर काय. कशाला दोन दोन ठिकाणं?" तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. दादाची अठरा वर्षांची पत्रं त्या मशीनमध्ये होती, आणि त्या टेबलाशी बसून वाचायची तिची सवय जाणार नव्हती. एवढं मात्र केलं: कुठूनही काही लिहिलं की त्याची एक प्रत ती स्वतःच्या पत्त्यावर पाठवायला लागली. घरी आली की आपण काय लिहिलं ते दादाच्या पत्रांशेजारी लावून बघायची. ऑफिसात तिच्यामागे हसायचे, म्हणायचे काटेबाई स्वतःलाच पत्रं घालतात. तिच्या कानावर ते आलं होतं.

दादा दोन महिन्यांनी हॉस्पिटलमधून आपल्या घरी आला, पाटीवर लिहून बोलायला लागला, आणि तिला आठवड्याला एक पत्र यायला लागलं. त्याने एकच मागितलं: आई काय काय विचारायची ते सगळं लिही. ती लिहीत गेली, काही घरून, काही दौऱ्यावरून. आईने कुठलं पत्र तीनदा वाचायला लावलं, कुठल्या पत्राला नाक मुरडलं, वहिनीच्या पायाचं कळल्यावर काय म्हणाली. पाचव्या पत्रात तिच्याजवळचं संपलं. लिहायला बसली की काही ना काही सुचायचं, पण ते आठवलेलं की रचलेलं हे तिला ठरवता येईना. तेव्हा तिने लिहिलं, 'याहून जास्त मला खात्रीने आठवत नाही.'

नऊ दिवस उत्तर आलं नाही. घरी तिने रोज प्रोग्रॅम उघडून पाहिला, मग दौऱ्यावर निघाली, मशीन बंद केलं, बटण दोनदा चाचपून पाहिलं. दहाव्या दिवशी एका साबणाच्या कारखान्याच्या ऑफिसात ते पेटीत आलं. आईचा त्यात उल्लेख नव्हता. दादाने लिहिलं होतं की कोपऱ्यावरचा पाववाला त्याला बहिराही समजतो आणि पाटीवरचं वाचून झालं की त्याच्या कानाशी येऊन ओरडतो, इतका की परवा रांगेतली एक बाई घाबरून पाव न घेताच निघून गेली.

ठकी मोठ्याने हसली. समोरच्या टेबलावरच्या बाईने मान वर केली.

"काय झालं हो, बाई?"

"काही नाही. भावाचं पत्र आहे."

"काय म्हणतात?"

ठकीने सांगायला तोंड उघडलं, पण पाववाल्याची गोष्ट सांगायची तर घशाची गाठ सांगावी लागली असती, मग मंगळवार, मग सगळंच. "बरा आहे," ती म्हणाली. बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढत होता. तिने दादाला दोन ओळींचं उत्तर लिहिलं, त्याची प्रत स्वतःला पाठवली, पेटी नीट बंद केली आणि हातमोजे चढवत बाहेर गेली.